वर्गातील संवेदनशील विषय : चर्चा आणि परीक्षा यांमधील वाढते अंतर

करवीर (कोल्हापूर) संस्थानात १८९९ मध्ये वेदोक्ताचा, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही याचा, वाद पेटला आणि १९०२ मध्ये मागास वर्गांसाठी निम्म्या रिक्त जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. त्या काळी तीव्र मतभेद झालेल्या या घटना आज परीक्षेत बहुधा सनावळीपुरत्या उरतात.

असे विषय वर्गात टाळण्याच्या शाळांच्या सध्याच्या सावधपणाचे मूळ मात्र २००७ च्या निर्णयात आहे. केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमातील चित्रे व मजकूर अश्लील असल्याचा आक्षेप विधिमंडळात घेतला गेला आणि राज्याने तो कार्यक्रम थांबवला. एड्सला आळा घालणे हा त्याचा एक हेतू होता, आणि कोल्हापूरशेजारच्या सांगलीत त्या काळी एचआयव्हीचे प्रमाण चिंताजनक होते. मुलामुलींच्या एकत्र वर्गात ती चित्रे दाखवताना शिक्षकांना वाटणारा संकोच खरा होता, हे मान्य करायला हवे. परंतु साहित्य सुधारण्याऐवजी विषयच बंद झाला आणि पालकांची तक्रार येईल अशा कोणत्याही विषयाला हात न लावण्याची सवय शाळांना जडली. दहावीच्या विज्ञानात प्रजननसंस्था आहे, पण परीक्षेत ती नामनिर्देशित आकृतीच्या रूपात येते. आकृतीला गुण देणे सोपे असते; संमती, छेडछाड, भीती यांवर बोलायला तास मिळणे अवघड.

२०१८-१९ पासून दहावीच्या भाषा विषयांत कृतिपत्रिका (कृतींवर आधारित प्रश्नपत्रिका) आली आणि स्वमताच्या प्रश्नांना ठरलेली जागा मिळाली. मात्र उत्तरपत्रिका कोण तपासणार हे ठाऊक नसल्याने विद्यार्थी कोणालाही न खटकणारे मत लिहितात, आणि क्लासमध्ये तेच पाठ करून घेतले जाते.

जून २०२३ मध्ये इतिहासातील वादग्रस्त व्यक्तींविषयीच्या मोबाइलवरील स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली व इंटरनेट बंद ठेवावे लागले. त्यानंतर अशा व्यक्तींविषयी वर्गात बोलणे जितके गरजेचे झाले तितकेच कठीणही. आरक्षणाचेही तसेच आहे : २०२१ मध्ये न्यायालयाने रद्द केलेले मराठा आरक्षण २०२४ मध्ये नव्या कायद्याने आले, आणि त्याचे बरेवाईट परिणाम ज्यांच्या घरांवर होतात ती मुले एकाच बाकावर बसतात. अशा विषयांची चर्चा मुलांना ओळखणाऱ्या शिक्षकानेच घ्यावी व तिला अंतर्गत मूल्यमापनात स्थान द्यावे. बोर्डाच्या परीक्षेत मत विचारायचेच असेल, तर दोन्ही बाजूंची नमुना उत्तरे परीक्षकांना आधी द्यावीत आणि गुण युक्तिवादाला मिळावेत.