कळ वर चढू लागते तेव्हा

लोकलमधली चौथी सीट म्हणजे अर्धं बूड बाकावर आणि अर्धं हवेत. मुलुंड ते सीएसएमटी असा प्रवास मी वर्षानुवर्षं केलाय. एका सकाळी कुर्ल्याच्या आसपास उजव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून, पोटरीतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत सणकत गेली. मी अर्थातच सीटला शिव्या घातल्या. मग आठवडाभर खुब्याला तेल चोळलं, गरम पाण्याची पिशवी ठेवली. दुखणं तिथं नव्हतंच.

कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की झिणझिण्या करंगळीत येतात. करंगळीला काही झालेलं नसतं. नस वाटेत कुठे दुखावली हे मेंदूला कळत नाही. ती एरवी जिथली खबर आणते तिथेच दुखतंय, असं तो धरून चालतो. पायात उतरणाऱ्या कळेचंही हेच. कंबरेच्या खालच्या टोकाला मणक्यांतून निघणाऱ्या नसांच्या पाच मुळ्या एकत्र येऊन सायटिक नस बनते; तिच्या दुखण्याला सायटिका म्हणतात. शरीरातली ही सर्वांत जाड नस, साधारण बोटाएवढी. बिघाड बहुधा तिच्या मुळाशी असतो. दोन मणक्यांमधल्या चकतीचं चिवट कडं फाटतं आणि आतला मऊ गर बाहेर येऊन मुळीला टेकतो. तो नुसता दाबत नाही, तिथे दाहही निर्माण करतो. म्हणून कळ जळजळीत असते. हे कोडं 1934 मध्ये मिक्स्टर आणि बार या बॉस्टनच्या दोन सर्जननी उलगडून दाखवलं.

आपल्याकडे याला ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणतात. गंमत म्हणजे घडतं नेमकं उलट: चकती झिजली की मणक्यांमधलं अंतर कमी होतं.

खुबाच खराब असेल तर दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं. मांडी घालताना, मोजे चढवताना जीव जातो. कुशीवर झोपल्यावर बाहेरच्या हाडाचा उंचवटा ठणकत असेल, तर तिथल्या स्नायूंच्या दोऱ्या कुरकुरत असतात. कळ गुडघ्याखाली उतरते, खोकला-शिंक आली की सणका बसतो, तेव्हा कंबरेकडे पाहायचं. डॉक्टर उताणं झोपवून सरळ पाय वर उचलतात तो त्यासाठीच. 30 ते 70 अंशांच्या दरम्यान पायातली तीच ओळखीची कळ आली, तर संशय बळावतो.

एमआरआयची घाई मात्र नको. 1994 मध्ये अमेरिकेत कंबरदुखी अजिबात नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक जणांच्या कमीत कमी एका चकतीला फुगवटा निघाला. धडधाकट माणसाच्या हातात असा रिपोर्ट पडला तर तो उद्यापासून वाकून चालायला लागेल.

मग आराम कशानं पडतो? सर्वांत मोठा वाटा वेळेचा. बाहेर आलेला गर शरीराला परका वाटतो, पांढऱ्या पेशी त्यावर तुटून पडतात आणि तो आक्रसतो. बहुतेकांना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरं वाटतं. तोवर खाटेवर पडून राहण्याचा फायदा नाही, हे चाचण्यांत दिसलंय. सोसेल तेवढं चालत राहायचं. नसेच्या दुखण्यावर सर्रास दिली जाणारी प्रीगॅबालिनची गोळी 2017 च्या एका चाचणीत सायटिकावर साध्या साखरगोळीपेक्षा सरस ठरली नाही. ऑपरेशननं लवकर सुटका होते खरी, पण वर्षभरानं ऑपरेशन केलेले आणि थांबलेले साधारण एकाच जागी पोचलेले असतात.

लघवी अडली, शौचाचं भान गेलं, बैठकीची जागा बधिर झाली तर मात्र क्षणभरही न थांबता इस्पितळ गाठायचं. पाऊल लुळं पडून चप्पल फरफटायला लागली, तरीही त्याच दिवशी डॉक्टर.

व्यायामाची गोष्ट न्यूझीलंडची. 1956 मध्ये रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टचा एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा झोपला. कंबर अशी मागे वाकवायला त्या काळी कुणी धजलं नसतं. पाचदहा मिनिटांनी मॅकेन्झी घाबरून धावत आला, तर गृहस्थ म्हणाले, पायातली कळ गेली! त्यातून भुजंगासनासारखे व्यायाम आले. सगळ्यांना ते चालत नाहीत. वयोमानानं मणक्याची नळी अरुंद झालेल्यांना पुढे वाकल्यावर बरं वाटतं, मागे वाकल्यावर पाय भरून येतात. त्यामुळे दिशा तज्ज्ञानं ठरवायची.

पण मॅकेन्झीनं टिपलेली एक खूण मला फार आवडते. चरकानं या दुखण्याला गृध्रसी म्हणत त्याची वाट सांगितलीय: आधी कुल्ला, मग कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. मॅकेन्झीची खूण अशी, की बरं होताना कळ बहुधा याच वाटेनं उलटी येते. पाऊल सुटतं, मग पोटरी, आणि उरतं ते कंबरेत गोळा होतं.

माझंही तेच झालं. तिसऱ्या आठवड्यात अंगठा मोकळा झाला आणि कंबर पूर्वीपेक्षा जास्त धरली. बायको म्हणाली, “अहो, हे तर वाढलं!” फिजिओथेरपीच्या बाईंनी मात्र पोटरी दाबून पाहिली, दुखत नाही म्हटल्यावर हसल्या आणि कार्डावर पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची लिहिली.