मेगावॅट आणि मेगावॅट-तास: बातम्यांतली एक जुनी गल्लत

‘या सौर प्रकल्पातून दरवर्षी १०० मेगावॅट वीज तयार होईल’ अशा धर्तीची वाक्ये बातम्यांत सर्रास छापून येतात. वाक्य कानाला खटकत नाही. पण प्रकल्प केवढा आहे की तो वर्षाला किती वीज देणार आहे, यांपैकी नेमके काय सांगायचे होते, हे त्यातून उलगडत नाही.

वॅट हे शक्तीचे एकक आहे. एका सेकंदात एक ज्यूल ऊर्जा निर्माण झाली किंवा वापरली गेली, की ती शक्ती एक वॅट. म्हणजे वेळेने भागण्याचे काम या एककात आधीच उरकलेले असते आणि म्हणूनच त्याच्यापुढे ‘दरवर्षी’ किंवा ‘दररोज’ जोडण्यात अर्थ नसतो. किलोवॅट-तास हे मात्र ऊर्जेचे एकक आहे: एक किलोवॅट शक्ती तासभर वापरली, की ३६ लाख ज्यूल ऊर्जा खर्ची पडते, तेवढी. वीजबिलावरचे ‘युनिट’ ते हेच. दोन किलोवॅटचा हीटर अर्धा तास चालवला काय किंवा १०० वॅटचा दिवा दहा तास चालू ठेवला काय, दोन्हींची वीज एक किलोवॅट-तासच भरते.

‘किलोवॅट प्रति तास’ ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ती शास्त्रशुद्ध असल्याचा आभास निर्माण करते. किलोवॅट-तासात तासाने गुणायचे असते, भागायचे नसते. भागाकार केला तर निराळीच राशी हाती येते: शक्ती किती झपाट्याने वाढते किंवा घटते, ती. वीजकेंद्राचे उत्पादन मिनिटाला किती मेगावॅटने चढवता येते, हे तिथल्या अभियंत्यांना खरोखरच पाहावे लागते. पण बातमीदाराला बहुधा ते म्हणायचे नसते. जहाजाचा वेग ‘नॉट प्रति तास’ असा देणाऱ्यांचीही हीच चूक होते, कारण नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल, अर्थात ताशी १.८५२ किलोमीटर.

आता सुरुवातीचे वाक्य दुरुस्त करून पाहू. १०० मेगावॅट ही प्रकल्पाची कमाल क्षमता. वर्षाचे तास ८,७६०. तेव्हा प्रकल्प अखंड पूर्ण क्षमतेने चालला, तर ८,७६,००० मेगावॅट-तास वीज मिळेल. परंतु रात्र असते, ढग असतात, सकाळ-संध्याकाळचे ऊन तिरपे असते. समजा वर्षभराची सरासरी क्षमतेच्या २० टक्के भरली, तर प्रत्यक्ष वीज १,७५,२०० मेगावॅट-तास होईल. तेवढ्याच क्षमतेचे, रात्रंदिवस चालणारे वीजकेंद्र याच्या कितीतरी पट वीज देईल. म्हणून दोन वेगळ्या प्रकारच्या प्रकल्पांची तुलना नुसत्या मेगावॅटवर करणे वाचकाची दिशाभूल करणारे ठरते.

संक्षेपांबाबतही एक सांगायला हवे. रोमन लिपीत मोठा एम म्हणजे मेगा, दहा लाख पट. लहान एम म्हणजे मिली, एक हजारांश. एका अक्षराच्या आकारामुळे शंभर कोटी पटींचा फरक पडतो. देवनागरीत ‘मेगावॅट’ असे पूर्ण लिहिले की हा धोका उरतच नाही.

बॅटरीच्या बातमीत मात्र दोन्ही आकडे लागतातच. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हॉर्न्सडेल येथे २०१७ मध्ये सुरू झालेल्या बॅटरी प्रकल्पाची शक्ती १०० मेगावॅट होती आणि साठवण १२९ मेगावॅट-तास, म्हणजे पूर्ण शक्तीने वापरली तर ती साधारण सव्वा तास पुरणारी होती. नुसते ‘१०० मेगावॅटची बॅटरी’ म्हटले असते, तर ती दहा मिनिटे चालेल की दहा तास, हे वाचकाला कळले नसते. विजेवर चालणाऱ्या मोटारीचेही तसेच: बॅटरी ४० किलोवॅट-तासांची, मोटर १०० किलोवॅटची, चार्जर ५० किलोवॅटचा. प्रसिद्धिपत्रकात यांपैकी एकच आकडा असेल, तर दुसरा विचारून घ्यावा. तो मिळाला नाही, तर आहे तो आकडा त्याच्या मूळ एककासह छापावा, अंदाजाने एकक बदलू नये.