टायरमधील हवेचा दाब (सायकल)

सायकलच्या ट्यूबमधील हवेचा वातावरणीय दाबाहून जास्तीचा दाब. तो दर चौरस इंचास पौंडांत मोजतात. बोलताना नुसते ‘पौंड’ म्हणतात. हवा कमी असली की सायकल जड चालते, एवढे सर्वांना ठाऊक असते.

हवेच्या टायरचे श्रेय सामान्यतः बेलफास्टमधील स्कॉटिश पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांना देतात (एकस्व म्हणजे पेटंट, १८८८). तथापि रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्येच घोडागाडीच्या चाकांसाठी याच कल्पनेचे एकस्व घेतले होते आणि त्यामुळे डनलॉप यांचे एकस्व १८९० च्या सुमारास अग्राह्य ठरले. टॉमसन यांना मूळ संशोधक व डनलॉप यांना पुनर्शोधक मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मुलाच्या तिचाकीचे चाक आणि हवेच्या नळीचे चाक डनलॉप यांनी अंगणात सोडून पाहिले. पहिले वाटेत थांबले, दुसरे फाटकाच्या खांबावर आपटून मागे उसळले, असे सांगतात. १८८९ मध्ये विल्यम ह्यूम यांनी बेलफास्टच्या शर्यती अशा टायरांवर जिंकल्या.

टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो व चाक पुढे सरकताच पुन्हा गोल होतो. दबताना खर्ची पडलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही. काही उष्णतेत जाते (शैथिल्य). दाब वाढवला की चपटेपणा घटतो, म्हणून ही हानीही घटते. माणूस व सायकल मिळून ९० किग्रॅ. आणि रोध-गुणांक (टायरचा विरोध भागिले एकूण वजन) ०.००६ धरल्यास विरोध सु. ५.३ न्यूटन येतो. ताशी १५ किमी. वेगाला त्यात सु. २२ वॉट खर्ची पडतात. त्या वेगाला वाऱ्याचा विरोधही साधारण तेवढाच असतो. गुणांक दुप्पट झाला तर ही हानी ४४ वॉटवर जाते.

दाब जितका जास्त तितका वेग जास्त, हे जुने मत गुळगुळीत फिरत्या पिंपावर टायर चालवून घेतलेल्या चाचण्यांवर उभे आहे. खडबडीत रस्त्यावर मात्र ठरावीक मर्यादेपुढे सायकल उसळते, धक्के स्वाराच्या अंगात मुरतात आणि वेग उलट घटतो. हे दुसरे मत वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

बेळगाव सीमाभागात याचा प्रत्यय सहज येतो. शहरातील डांबरी रस्त्याला मानवणारी टणक हवा खानापूर तालुक्यातील जांभ्याच्या, तांबड्या मातीच्या वाटेवर हादरे देते. अथणीकडील ओल्या काळ्या मातीत चाकाला चिखलच इतका चिकटतो, की दाबाचा प्रश्न गौण ठरतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सु. ७५० मी. उंचीवर आहे. तेथे बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने पणजीत भरलेली हवा चोर्ला घाट चढून आल्यावर, तापमान तेच असल्यास, मापकावर सु. सव्वा पौंड जास्त दिसते.

जुन्या दांड्याच्या सायकलींना २८ × १½ इंची टायर असते. त्यांच्या व्हॉल्व्हवरील रबरी नळीमुळे आतला दाब बाहेरून नीट मोजता येत नाही. म्हणून टायर अंगठ्याने दाबून पाहतात. टायरची कड जाड असली की हा अंदाज चुकतो, आणि मागे दुधाचे कॅन लटकवल्यावर तर ट्यूब रिमेखाली चेपून एकदम दोन भोके पडतात.