चूर्ण वाढवण्याआधी

रात्री कोमट पाण्याबरोबर एक चमचा चूर्ण. काही महिन्यांनी दोन चमचे, मग दुसऱ्या कंपनीचं. जुनाट बद्धकोष्ठतेचे कितीतरी रुग्ण हे सगळं करून झाल्यावरच डॉक्टरांकडे जातात आणि सांगतात, ‘पोट साफ होत नाही.’ यावरून दुखणं नेमकं कुठे आहे ते मात्र कळत नाही.

रोज सकाळी झालंच पाहिजे, हा आपल्याकडचा हट्ट. वैद्यकशास्त्राच्या लेखी दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळंच चालतं. बद्धकोष्ठता ठरवायचे 2016 सालचे ‘रोम-4’ हे आंतरराष्ट्रीय निकष म्हणूनच नुसतं किती वेळा झालं ते मोजत नाहीत. कुंथावं लागतं का, खडे होतात का, होऊनही राहिल्यासारखं वाटतं का, मधेच अडतं का, बोटाने काढावं लागतं का, हेही त्यात येतं. असे दोन त्रास निदान तीन महिने सतत होत असतील आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर ते जुनाट दुखणं. बोटाचं कुणी आपणहून सांगत नाही. डॉक्टरांनी विचारावंच लागतं.

औषधांची पिशवीही तपासायला हवी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, कोडीनचं खोकल्याचं औषध, नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्या यांनी पोट अनेकदा अडतं. थायरॉईड मंदावलं असेल तरीही तेच.

हे काही नसेल आणि इसबगोल, भरपूर पाणी, साधी रेचकं यांनीही फरक पडत नसेल, तर दोन शक्यता तपासाव्या लागतात. एक म्हणजे मोठ्या आतड्याची चालच मंद. ती तपासायला क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक कड्यांची कॅप्सूल गिळायला देतात आणि पाचव्या दिवशी किती कड्या आत उरल्या ते मोजतात.

दुसरी शक्यता फारशी कुणाला ठाऊक नसते. गुदाशयाच्या शेवटाला मागून वेढा घालणारा एक स्नायू असतो. एरवी तो मार्ग पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे कोन तयार होतो आणि मल आत राहतो. शौचाला बसल्यावर त्याने सैल पडायचं असतं. काहींच्या बाबतीत तो सैल पडायच्या ऐवजी आवळतो. माणूस वरून जोर लावतो आणि खालून स्वतःच दार ओढून धरतो. अशा रुग्णाला आणखी चूर्ण दिलं तर पोटात कळा येतात, पातळ होतं, पण अडलेपण जात नाही.

हे ओळखायची पहिली तपासणी हातमोजा घातलेल्या बोटाची. ‘आता जोर करा’ म्हटल्यावर स्नायू सैल पडतो की बोटाला आवळतो, हे अनुभवी डॉक्टरांना लगेच जाणवतं. संकोचापायी हीच तपासणी टळते आणि सोनोग्राफी मात्र दोनदा होते! नंतर फुग्याची चाचणी. गुदाशयात छोटा फुगा ठेवून त्यात सुमारे 50 मिलिलिटर पाणी भरायचं आणि रुग्णाने तो बाहेर टाकायचा. निरोगी माणसाला साधारण मिनिटभर पुरतं.

यावर उपाय शिकवणीचा, त्याला बायोफीडबॅक म्हणतात. आतल्या दाबाचा आलेख समोरच्या पडद्यावर दिसतो आणि तो पाहत पोटाने जोर लावून खाली सैल सोडायला रुग्ण शिकतो. यात काही आठवडे जातात. ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्याच रुग्णालयांत आहे, ही अडचण खरीच. घरी एवढं जमतं: कमोडवर बसताना पायाखाली पाट घ्यावा, गुडघे कमरेच्या वर येतील असा. नाश्त्यानंतर आतडी आपोआप हलतात, तेव्हा बसावं. मोबाईल बाहेर ठेवावा.

चूर्णांत बहुधा सोनामुखी ही रेचक वनस्पती असते. थोडे दिवस घ्यायला हरकत नाही, पण वर्षानुवर्षं स्वतःच मात्रा वाढवत नेऊ नये. इसबगोल कोरडं किंवा घोटभर पाण्याबरोबर गिळू नये, ते फुगून घशात अडकू शकतं. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, रक्त कमी होणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर चूर्णाची वाट न पाहता आधी दुर्बिणीतून आतडं पाहून घ्यावं.