नफा झाला, मग पैसे कुठे गेले?

कोकणात कुणी स्वतःचा उद्योग काढला की गाव म्हणतं, आता याला कसली चिंता, रोजचा गल्ला आहे. उद्योग काढणाऱ्याचा समज त्याहून महागात पडतो. धंदा नफ्यात आहे, म्हणजे पैसे असणारच, असं तो धरून चालतो. पण कुडाळ-सावंतवाडीकडचा एखादा काजू कारखानदार ऑगस्टमध्ये गाठा. “धंदो बरो चलता, पण हातात पैसो रवना नाय,” असं ऐकायला मिळेल. तो रडगाणं गात नाही, हिशोबच तसा आहे.

नफा काढताना विकलेल्या मालाच्या किमतीतून त्याच मालाचा खर्च वजा करतात. गिऱ्हाइकाने पैसे दिले की थकवले, हे तिथे बघितलं जात नाही. रोकड म्हणजे आज खात्यात आणि गल्ल्यात जे आहे ते. त्यातलं आपलं किती आणि दुसऱ्याचं किती, हे रोकड सांगत नाही.

काजूचंच उदाहरण घेऊ, कारण दोन्हींमधली फट याच्याइतकी रुंद क्वचितच कुठे दिसते. वेंगुर्ला काजूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाने गर विकायचा तर बी इथलीच हवी, आणि इथली बी मार्च ते मे एवढ्यातच मिळते. म्हणजे वर्षाचा कच्चा माल तीन महिन्यांत भरून ठेवायचा. समजा कारखानदाराने १३० रुपये किलोने २० टन बी घेतली. झाले २६ लाख. चार किलो बीमागे साधारण एक किलो गर धरला, तर एका किलो गराला बीचे ५२० रुपये पडतात. सोलणी, वीज, पॅकिंग, मजुरी यांचे १२० धरा. अख्खा, पाकळी, तुकडा मिळून सरासरी ७५० रुपये सुटले, तर किलोमागे ११० रुपये नफा. (भाव दरवर्षी हलतात, हे आकडे हिशोब दाखवण्यापुरते. व्याज आणि जीएसटीही तूर्त बाजूला ठेवलाय.)

आता जून, जुलै, ऑगस्ट, दर महिन्याला ५०० किलो गर विकला, दोन महिन्यांच्या उधारीवर. ऑगस्टअखेर वही सांगते की १,५०० किलो विकले, नफा १ लाख ६५ हजार. आणि खातं? बीचे २६ लाख गेले, प्रक्रियेचे १ लाख ८० हजार गेले, आले फक्त जूनच्या मालाचे ३ लाख ७५ हजार. म्हणजे २४ लाख ५ हजारांचा खड्डा. चोरी झाली नाही, तोटाही झाला नाही. १८ लाख २० हजारांची बी गोदामात पडून आहे आणि साडेसात लाख दुकानदारांकडे अडकलेत.

बघणाऱ्याला धंदा चांगला दिसतो, म्हणून पुढच्या वर्षी ४० टनांचा बेत होतो. विक्री आणि उधारी याच बेताने दुप्पट झाली, तर खड्डा ४८ लाखांच्या वर जातो. धंदा वाढला की सुटू, हा माझ्या मते सगळ्यात महागडा समज आहे. बंद पडलेल्या युनिटांची चौकशी केली तर माल खपत नव्हता असं दर वेळी निघत नाही. माल खपत होता, पण पुढची बी घ्यायला पैसे नव्हते, असंही निघतं.

सरकारी हिशोबही या फटीत आपली भर घालतो. गिऱ्हाइकाने पैसे दिलेले नसले तरी बिल फाडलं की महिन्याचं विवरण भरणाऱ्याला त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. नेहमीच्या पद्धतीने वही ठेवणाऱ्याला आयकरही वहीतल्या नफ्यावर पडतो, वसुलीवर नाही. उलट बाजूला एक हत्यार आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे ‘उद्यम’ ही सरकारी उद्योग नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानदाराला ही नोटीस कुणी पाठवत नाही, ते ठीकच. पण शहरातल्या मोठ्या खरेदीदाराच्या बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापायला काय हरकत आहे?

याची उलटी बाजू किनाऱ्यावर दिसते. तारकर्लीतल्या होमस्टेच्या मालकाच्या खात्यात मे महिन्यात पैसा मावत नाही. तो सगळा नफा समजून घराला नवा मजला चढतो. पण त्यात दिवाळीच्या बुकिंगचा ॲडव्हान्स असतो, आणि ते लोक अजून यायचेत. जून ते सप्टेंबर पाहुणे तुरळक, वीजबिल आणि हप्ता मात्र चालू. खाऱ्या हवेने ए.सी. आणि नळ खाल्ले जातात. ४० हजारांचा ए.सी. चार वर्षं टिकला, तर वर्षाला १० हजारांचा घसारा, म्हणजे झिजेचा खर्च, झाला, जो मे महिन्यात कुणाला दिसत नाही. शिवाय तीस माणसांचा मासळीचा स्वयंपाक करणाऱ्या घरच्या बाईचा पगार कुठल्याच वहीत नसतो. तो लावला तर कित्येक होमस्टेंचा नफा कागदावरही उरणार नाही.

हापूसच्या बागायतदाराकडेही तसंच. फवारणीसाठी वाशीच्या दलालाकडून घेतलेली उचल म्हणजे उत्पन्न नव्हे. ती पुढे पट्टीतून, म्हणजे दलालाने दिलेल्या विक्रीच्या हिशोबातून, कापली जाते. कर्जाचंही तेच. मिळालं तेव्हा रोकड वाढते, नफा जागेवरच राहतो. हप्ता भरताना मुद्दल रोकड खातं, पण खर्चात फक्त व्याज धरतात. यामुळेच नफ्यातला माणूस हप्त्याला चुकतो आणि बँकेतल्या साहेबाला काही केल्या पटवून देऊ शकत नाही.

म्हणून नवीन युनिट काढणाऱ्याने सगळं मुदत कर्ज शेड आणि यंत्रात घातलं की मला धास्ती वाटते. कटर आणि ड्रायर चकचकीत, आणि मार्चमध्ये बी घ्यायला हात रिकामे. खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे लागेल तसे पैसे उचलून परत भरायची बँकेची सोय, वेगळी मागावी लागते, आणि ती नफ्याच्या अंदाजावरून मागायची नसते. एका कागदावर बारा महिने आडवे लिहा, प्रत्येकाखाली प्रत्यक्ष येणारे आणि जाणारे पैसे मांडा, बाकी पुढे ओढत न्या. सगळ्यात खोल आकडा काजूवाल्याला जुलैअखेरीच्या आसपास, उधारीची पहिली वसुली येण्याआधी सापडेल, होमस्टेवाल्याला बहुधा सप्टेंबरात, आंबेवाल्याला पहिली पेटी निघण्याआधी. मागणी त्या आकड्याची करायची, वर एखाद्या उशिरा येणाऱ्या बिलापुरती जागा ठेवून.