खरेदी ऑर्डरवर नसलेला प्रश्न: ठाणे-बेलापूर पट्ट्यातील पुरवठा साखळीची पार्श्वभूमी

1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठाण्यात, वागळे इस्टेटला उभी राहिली. पुढे खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) वसाहत वाढली. तिथे मोठ्या कंपनीला माल पुरवणारे शेकडो छोटे कारखाने आले. खरेदी विभाग त्यांना भाव, दर्जा आणि माल पोचण्याची तारीख विचारी. मागे उरलेले आम्ल किंवा गाळ जातो कुठे, हे कोणी विचारत नसे.

1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि 1989 चे घातक कचरा नियम आले. त्याच वर्षी न्हावाशेवा बंदर सुरू झाले. वंगणतेलाच्या नावाखाली तिथे उतरलेले 133 कंटेनर घातक टाकाऊ तेलाचे निघाले. ते आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2005 मध्ये दिला. आपल्या भागासाठी हा निकाल फार महत्त्वाचा आहे, कारण कागदावरच्या नावाआड मागवणाऱ्याला लपता आले नाही.

2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आवारात साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि प्रत्येक फेरीसोबत सात रंगांच्या प्रतींचे मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याचे नोंदपत्र, जाते. त्यातली निळी प्रत कचरा स्वीकारणारा पाठवणाऱ्याकडे परत धाडतो. गडबड सहसा इथेच होते. टँकर निघाल्याची पिवळी प्रत फाइलला असते, पण निळी आलेली नसते. म्हणजे टँकर निघाला एवढेच सिद्ध होते, पोचला हे नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडले गेले आणि शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास झाला.

म्हणून वेंडरची, म्हणजे माल पुरवणाऱ्या कारखान्याची, तपासणी नुसत्या प्रमाणपत्रांवर थांबवू नये, वजनाचा हिशेब मांडावा. समजा, एक टन मालामागे तीन टन वापरलेले आम्ल निघते आणि वेंडरने वर्षात 40 टन माल दिला. मग 120 टनांची मॅनिफेस्ट दिसली पाहिजेत. 70 टनांचीच असतील, तर उरलेल्या 50 टनांचे उत्तर मिळेपर्यंत पुढची ऑर्डर थांबवावी. ते आम्ल दुसरा कारखाना कच्चा माल म्हणून घेत असेल, तर त्याच्याकडे 2016 च्या नियमांतील नियम 9 खालची परवानगी हवी. वेंडरच्या कन्सेंटमधली (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातली) उत्पादनक्षमताही आपल्या ऑर्डरशी ताडून पाहावी. ऑर्डर क्षमतेहून मोठी असेल, तर माल बहुधा तिसरीकडे जॉबवर्कने, म्हणजे दुसऱ्या कारखान्याला काम देऊन, बनतो आणि ती जागा आपल्या यादीत नसते.

कंपन्यांवर अहवालाची सक्ती बरीच उशिरा आली. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिचा बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना बंधनकारक झाला. पुरवठादारांची माहिती देणे पहिल्या 250 कंपन्यांसाठी ठरले होते. मार्च 2025 मध्ये ते ऐच्छिक झाले आणि खरेदी-विक्रीत 2 टक्के किंवा जास्त वाटा असलेल्या भागीदारांपुरते उरले. पण टीटीसीतला छोटा जॉबवर्कवाला त्या 2 टक्क्यांत क्वचितच बसतो, आणि धोका तर त्याच्याकडेच जास्त!

पैशांचा धागा याहून जुना आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्याने लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करणे भाग आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यात आकारणी वर्ष 2024-25 पासून आणलेल्या 43बी(एच) कलमाच्या तरतुदीनुसार अशा थकलेल्या बिलाची करातली वजावट खरेदीदाराला पैसे देईपर्यंत मिळत नाही. चार-चार महिने बिल अडलेला वेंडर पहिली काटछाट विल्हेवाटीच्या खर्चात करतो. म्हणून तो खर्च मालाच्या भावात न मिसळता ऑर्डरवर वेगळी ओळ म्हणून लिहावा आणि ती रक्कम निळी प्रत पाहून द्यावी.