एसक्यूलाइट : वापरातील नेहमीच्या अडचणी व त्यांचे निदान

एसक्यूलाइट म्हणजे सी भाषेत लिहिलेली, प्रोग्रामच्या आतच जोडली जाणारी डेटाबेस लायब्ररी. तिला वेगळा सर्व्हर नसतो. टेबले, इंडेक्स, नोंदी सगळे एकाच फाइलीत राहते. डी. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली प्रसिद्ध केली आणि सध्याची तिसरी आवृत्ती २००४ पासून चालत आली आहे. कोडवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे अँड्रॉइड, आयओएस, फायरफॉक्स, क्रोम अशा ठिकाणी ती आधीपासूनच बसलेली असते. परवानग्या, एकाच वेळी येणाऱ्या लेखनाची रांग, बॅकअप ही कामे एरवी सर्व्हर सांभाळतो. इथे ती फाइल सिस्टिमच्या आणि प्रोग्रामरच्या गळ्यात पडतात. नेहमीच्या एररपैकी बऱ्याचशा इथूनच उगवतात, म्हणून निदान करताना आधी फाइल तपासावी आणि मग क्वेरी.

फाइल नेमकी कोणती उघडली : ‘नो सच टेबल’ ही एरर आली की टेबलाच्या नावाचे स्पेलिंग तपासण्यात वेळ जातो. बहुतेक वेळा स्पेलिंग बरोबर असते, फाइल चुकीची असते. दिलेल्या मार्गावर फाइल नसेल तर एसक्यूलाइट तक्रार न करता नवी रिकामी फाइल तयार करते. नुसते ‘डेटा.डीबी’ असे लिहिले असेल, तर प्रोग्राम ज्या फोल्डरमधून सुरू झाला त्या फोल्डरमध्ये ती फाइल शोधली जाते. त्यामुळे टर्मिनलमधून चालवलेला प्रोग्राम एक फाइल उघडतो, एडिटरमधून चालवलेला दुसरी आणि क्रॉनमधला (ठरलेल्या वेळी प्रोग्राम चालवणारी सेवा) तिसरीच. ‘प्राग्मा डेटाबेस_लिस्ट’ (प्राग्मा म्हणजे एसक्यूलाइटची सेटिंगे बदलण्याची किंवा माहिती विचारण्याची कमांड) चालवली की उघडलेल्या फाइलीचा पूर्ण मार्ग दिसतो. तिथे शून्य बाइटची फाइल सापडली की निदान झाले. मार्ग नेहमी पूर्ण द्यावा. शिवाय कनेक्शन उघडताना ‘क्रिएट’ फ्लॅग काढून टाकावा (फाइलीचा मार्ग यूआरआय रूपात, म्हणजे ‘फाइल:’ने सुरू होणारा, देत असल्यास ‘मोड=आरडब्ल्यू’), म्हणजे मार्ग चुकला तर तिथल्या तिथे एरर १४ येईल. ‘:मेमरी:’ डेटाबेसमध्येही असाच घोळ होतो. प्रत्येक कनेक्शनला स्वतःचा वेगळा डेटाबेस मिळतो. त्यामुळे कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) वापरणाऱ्या टेस्टमध्ये आत्ता असलेले टेबल पुढच्या क्वेरीला नसते.

एरर १४, म्हणजे ‘अनेबल टू ओपन डेटाबेस फाइल’, बहुधा फोल्डरच अस्तित्वात नसल्याने येते. लायब्ररी फाइल तयार करते, फोल्डर नाही. फाइलीवर लिहिण्याची परवानगी असूनही लेखन अडते (कधी १४, कधी ‘रीडओन्ली डेटाबेस’ची ८) तेव्हा फोल्डरची परवानगी पाहावी. लेखन सुरू होताना जर्नल फाइल (रोलबॅक जर्नल; बदल मागे फिरवण्यासाठी जुना डेटा जपणारी) शेजारीच तयार व्हावी लागते, आणि वेब सर्व्हर ज्या युजरच्या नावाने चालतो त्याला त्या फोल्डरमध्ये नवी फाइल करता येत नसेल तर फाइलीवरची परवानगी कितीही सैल केली तरी उपयोग नाही.

‘फाइल इज नॉट अ डेटाबेस’ (कोड २६) आली तर हेक्स व्ह्यूअरमध्ये फाइलीचे पहिले १६ बाइट पाहावेत. तिथे ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ हा मजकूर व शेवटी एक शून्य बाइट हवा. तो नसेल तर फाइल एन्क्रिप्टेड तरी आहे, किंवा डाउनलोड करताना डेटाबेसऐवजी एखादे एचटीएमएल पान उतरले आहे.

लॉकच्या तक्रारी : सर्वांत जास्त विचारली जाणारी एरर ‘डेटाबेस इज लॉक्ड’, कोड ५. तिच्यासारखीच दिसणारी ‘डेटाबेस टेबल इज लॉक्ड’, कोड ६, हे वेगळे प्रकरण आहे. त्यात भांडण बहुधा एकाच कनेक्शनच्या आत असते, उदाहरणार्थ सिलेक्ट अर्धवट चालू असताना तेच टेबल ड्रॉप करणे. तिथे वाट पाहून काही होत नाही. आधीचे स्टेटमेंट रिसेट किंवा फायनलाइज करावे लागते.

कोड ५ मध्ये दुसऱ्या कनेक्शनने लॉक धरलेला असतो. वाचणारे कितीही चालतात, लिहिणारा एका वेळी एकच. रोलबॅक जर्नलच्या पद्धतीत लॉक चार पायऱ्यांनी चढतो : वाचताना शेअर्ड, लिहायचे ठरले की रिझर्व्हड, वाचकांनी बाहेर पडावे म्हणून थांबताना पेंडिंग आणि फाइलीत प्रत्यक्ष लिहिताना एक्स्क्लुझिव्ह. सी भाषेतून थेट वापरताना वाट पाहण्याचा काळ मुळात शून्य असतो, म्हणजे लॉक दिसला की लगेच एरर. ‘प्राग्मा बिझी_टाइमआउट = ५०००’ दिल्यावर कनेक्शन ५ सेकंदांपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. हे सेटिंग त्या कनेक्शनपुरते असते, फाइलीत साठत नाही. पायथनच्या ‘एसक्यूलाइट३’ मॉड्यूलमध्ये ५ सेकंद आधीच ठेवलेले आहेत.

टाइमआउट वाढवूनही एरर क्षणार्धात येते, अशी तक्रार हमखास असते, आणि तिचे कारण ठरलेले आहे. कनेक्शन ‘अ’ आणि ‘ब’ दोघांनी साध्या ‘बिगिन’ने ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा क्वेरींचा गट) उघडले व आधी एकेक सिलेक्ट केले, असे धरू. दोघांकडे शेअर्ड लॉक आला. ‘अ’ने अपडेट केले, त्याला रिझर्व्हड मिळाला. कमिटसाठी (बदल पक्के करण्यासाठी) त्याला आता ‘ब’ने शेअर्ड सोडायला हवा. नेमका त्याच वेळी ‘ब’ही अपडेट करायला गेला. दोघेही थांबले तर कोणीच पुढे सरकणार नाही, म्हणून लायब्ररी टाइमआउट न पाहता ‘ब’ला ताबडतोब कोड ५ देते. ‘ब’ने तेच अपडेट पुन्हा चालवण्यात अर्थ नाही, रोलबॅक करून (बदल मागे फिरवून) ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून सुरू करावे. कायमचा उपाय साधा आहे : ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे लिहायचे आहे ते ‘बिगिन इमिजिएट’ने उघडावे. मग रांग दारातच लागते आणि टाइमआउट खरोखर पाळला जातो. ही एक ओळ बदलण्याआधी टाइमआउट ६० सेकंदांवर नेणे हा नुसता वेळकाढूपणा आहे.

लॉक सुटतच नसेल तर तीन गोष्टी पाहाव्यात : कमिट राहून गेले आहे का, अर्धवट वाचलेला कर्सर (क्वेरीचे निकाल ओळीओळीने वाचणारा) कुठे उघडा आहे का, आणि डेटाबेस पाहण्याच्या एखाद्या ग्राफिकल टूलमध्ये न साठवलेला बदल तसाच पडून आहे का. तिसरे कारण हास्यास्पद वाटते, पण वारंवार तेच निघते. ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून नेटवर्कवरून उत्तराची वाट पाहणारा कोडही याच वर्गातला.

वॉल पद्धत : २०१० मध्ये ३.७.० या आवृत्तीत ‘राइट-अहेड लॉग’, म्हणजे वॉल, ही पद्धत आली. ‘प्राग्मा जर्नल_मोड = वॉल’ एकदा दिली की ती फाइलीत कायम राहते. तिच्यात वाचक लेखकाला अडवत नाहीत आणि लेखक वाचकांना अडवत नाही. लेखक मात्र तेव्हाही एकच. वाचून झाल्यावर मध्ये दुसऱ्याने लिहिले आणि मग आपण लिहायला गेलो तर इथेही लगेच नकार मिळतो (विस्तारित कोड ५१७), आणि उपाय तोच, ‘बिगिन इमिजिएट’. डेटाबेसशेजारी ‘-वॉल’ आणि ‘-एसएचएम’ शेपटीच्या दोन फाइली दिसू लागतात. त्या तात्पुरत्या कचऱ्यासारख्या दिसतात, पण ‘-वॉल’मध्ये कमिट झालेला आणि मूळ फाइलीत अजून न उतरलेला डेटा असतो. ती पुसली तर तेवढ्या नोंदी गेल्याच.

‘-वॉल’ फाइल १,००० पानांपर्यंत (पान म्हणजे फाइलीचा ठरावीक आकाराचा तुकडा) वाढली की चेकपॉइंट, म्हणजे तिच्यातला डेटा मूळ फाइलीत उतरवणे, आपोआप होतो. एखादा वाचक ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून बसला असेल तर चेकपॉइंट पुरा होत नाही आणि फाइल फुगत जाते. नेटवर्क ड्राइव्हवर ही पद्धत चालत नाही, कारण सर्व कनेक्शनांना एकाच यंत्राची सामायिक मेमरी लागते. खरे तर नेटवर्क ड्राइव्हवर अनेक यंत्रांतून कोणत्याही पद्धतीने लिहू नये. तिथल्या फाइल लॉकवर भरवसा ठेवता येत नाही. अशी गरज असेल तर सर्व्हरवाला डेटाबेसच घ्यावा.

फाइल बिघडणे : ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड’, कोड ११. याला लायब्ररी क्वचितच जबाबदार असते. नेहमीचे कारण म्हणजे चालू डेटाबेसची साध्या कॉपी कमांडने काढलेली प्रत : निम्मी पाने लेखनाआधीची, निम्मी नंतरची. क्रॅशनंतर मागे राहिलेली ‘-जर्नल’ फाइल पुसणे हे दुसरे. अर्धवट लेखन मागे फिरवण्याची माहिती तिच्यातच असते. फोर्क करून (चालू प्रोसेसची प्रत काढून) उघडे कनेक्शन चाइल्ड प्रोसेसमध्ये वापरणे हे तिसरे. चौथे कारण सहसा लक्षात येत नाही. युनिक्सवर एकाच प्रोसेसने तीच फाइल लायब्ररीला वळसा घालून साध्या ओपनने उघडली आणि बंद केली, तर पॉसिक्सच्या (युनिक्ससारख्या प्रणालींचे मानक) नियमानुसार त्या प्रोसेसचे त्या फाइलीवरचे सगळे लॉक सुटतात. हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी ओळखखूण) काढण्यासाठी डेटाबेस फाइल वाचणारा निरुपद्रवी कोड असा घात करतो.

दुरुस्तीआधी सगळी कनेक्शने बंद करावीत आणि डेटाबेस, ‘-वॉल’, ‘-जर्नल’ जे असेल ते एकत्र वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून पुढचे काम त्या प्रतीवर करावे. ‘प्राग्मा इंटिग्रिटी_चेक’ने ‘ओके’ दिले तर रचना शाबूत आहे. दोष फक्त इंडेक्समध्ये असेल तर ‘रीइंडेक्स’ने भागते. टेबलाची पानेच गेली असतील तर कमांड लाइन टूलची ‘.रिकव्हर’ कमांड (३.२९.० पासून) सापडेल तेवढ्या नोंदी एसक्यूएलच्या रूपात काढून देते, त्या नव्या फाइलीत भराव्यात. काही ओळी ‘लॉस्ट_अँड_फाउंड’ नावाच्या टेबलात येतात, त्या हाताने लावाव्या लागतात. चालू डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा तर बॅकअप एपीआय, टूलमधली ‘.बॅकअप’ किंवा ३.२७.० पासूनची ‘व्हॅक्यूम इन्टू’ वापरावी.

मुकाट्याने चुकणाऱ्या गोष्टी : एरर देणाऱ्या चुका परवडल्या. कॉलमचा प्रकार इथे सक्तीचा नसून केवळ कल असतो, आणि तो प्रकाराच्या नावातल्या अक्षरांवरून ठरतो. ‘टेक्स्ट’ किंवा ‘व्हारचार’ लिहिले तर मजकूर. पण ‘स्ट्रिंग’ हे नाव कोणत्याच नियमात बसत नाही, म्हणून कॉलम अंकांकडे झुकतो. ‘०१२३’ हा कोड साठवला की १२३ होतो आणि ‘१ई५’ हा वस्तुक्रमांक १००००० बनतो. आधीचे शून्य परत मिळवता येत नाही. नवी टेबले ३.३७.० पासून मिळणाऱ्या ‘स्ट्रिक्ट’ शब्दासह बनवावीत. मग भलता प्रकार लिहिताच एरर येते.

मजकुराला एकेरी अवतरण, नावांना दुहेरी, हा नियम मोडला तर असाच गोंधळ उडतो. दुहेरी अवतरणातले नाव कोणत्याच कॉलमशी जुळले नाही तर लायब्ररी जुन्या सवयीने त्याला मजकूर मानते. कॉलमचे नाव चुकवले तर एरर न येता अट प्रत्येक ओळीसाठी खोटी ठरते आणि उत्तर रिकामे येते. मूल्ये क्वेरीत कधीच चिकटवू नयेत, प्रश्नचिन्हाच्या जागी बाइंड करावीत. पायथनमध्ये एकच मूल्य देताना टपलमधला स्वल्पविराम विसरला तर पाच अक्षरी शब्द पाच मूल्ये समजला जातो आणि ‘एक हवे होते, पाच दिली’ अशा अर्थाची एरर येते.

फॉरेन की (एका टेबलातल्या ओळीने दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा दिलेला संदर्भ) तपासणी सहसा बंदच असते. ‘प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन’ प्रत्येक कनेक्शनवर, ट्रान्झॅक्शन सुरू होण्याआधी द्यावी लागते; ट्रान्झॅक्शनच्या आत दिली तर काहीही न बोलता दुर्लक्षिली जाते. प्राग्माचे स्पेलिंग चुकले तरीही एरर येत नाही, म्हणून मूल्य पुन्हा वाचून खात्री करावी. आधीच अनाथ झालेल्या ओळी ‘प्राग्मा फॉरेन_की_चेक’ दाखवते.

देवनागरी मजकुराचीही एक खोच आहे. लायब्ररी युनिकोडची वेगवेगळी रूपे एक करत नाही. ‘ऱ’ हे एकच चिन्ह म्हणून आले, किंवा ‘र’ आणि नुक्ता (खालचे टिंब) अशी दोन चिन्हे म्हणून आले, तर पडद्यावर सारखे दिसूनही तुलना फसते. साठवण्यापूर्वी प्रोग्राममध्येच एनएफसी रूप (युनिकोडचे ठरलेले एकत्रित रूप) करून घ्यावे. ‘लेंग्थ’ फंक्शन कोडपॉइंट (युनिकोडची सुटी चिन्हे) मोजते, त्यामुळे ‘नमस्ते’ची लांबी ६ येते.

वेग आणि आकार : हजारो इन्सर्ट संथ चालत असतील तर प्रत्येक इन्सर्ट स्वतंत्र ट्रान्झॅक्शन होत आहे. दर कमिटला डिस्कवर लेखन पक्के होईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कवर त्यामुळे सेकंदाला साधारण ६० ट्रान्झॅक्शन होतात. तेच इन्सर्ट एका बिगिन-कमिटमध्ये घातले तर सेकंदाला पन्नास हजार सहज निघतात. वेगासाठी ‘सिंक्रोनस = ऑफ’ करू नये; वीज गेली तर फाइल बिघडू शकते. वॉलसोबत ‘नॉर्मल’ ठेवले तर शेवटची काही कमिट जातील, फाइल शाबूत राहील. संथ सिलेक्टसाठी क्वेरीपुढे ‘एक्सप्लेन क्वेरी प्लॅन’ लावावे : ‘स्कॅन’ दिसले तर पूर्ण टेबल चाळले जात आहे, ‘सर्च’ दिसले तर इंडेक्स किंवा की वापरली जात आहे.

नोंदी पुसून फाइल लहान होत नाही, रिकामी पाने पुढच्या लेखनासाठी राखली जातात. ‘व्हॅक्यूम’ने ती आकसते, पण त्यासाठी मूळ आकाराच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. ज्या टेबलात ‘इंटिजर प्रायमरी की’ नाही त्याचे रोआयडी (ओळींचे अंतर्गत क्रमांक) व्हॅक्यूममध्ये बदलू शकतात. ते आकडे बाहेर कुठे जपून ठेवले असतील तर संदर्भ तुटतात.

आवृत्तीचा घोळ : टूलमध्ये चालणारी क्वेरी ॲपमध्ये ‘सिंटॅक्स एरर’ देत असेल तर दोघांतली लायब्ररी वेगळी आहे. अपसर्ट (नोंद असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट) ३.२४.० पासून, ‘ड्रॉप कॉलम’ व ‘रिटर्निंग’ ३.३५.० पासून आले. एका क्वेरीतल्या प्रश्नचिन्हांची मर्यादा ३.३२.० पूर्वी ९९९ होती, नंतर ३२,७६६ झाली. जुन्या फोनवर लांबलचक ‘इन’ यादी फसते ती यामुळे. आवृत्ती विचारायची ती ॲपच्याच कनेक्शनवरून, ‘सिलेक्ट एसक्यूलाइट_व्हर्जन()’ चालवून. कमांड लाइन टूल स्वतःच्या लायब्ररीची आवृत्ती सांगते, ॲपच्या नाही.